को-स्टेट मध्येच उडी का मारतो? (इष्टतम नियंत्रण आणि अवस्थेवरचे निर्बंध)

तिरपी रेघ

एम.टेक.च्या शेवटच्या सत्रात एका आलेखापायी माझे तीन आठवडे गेले. विषय होता उपग्रह कमीत कमी ऊर्जेत वळवण्याचा, आणि आत फिरणाऱ्या चाकांचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचा नव्हता. संगणकाने मार्ग छान काढून दिला. पण त्याच्या जोडीने येणारा को-स्टेट (त्या क्षणी अवस्था किंचित बदलली तर पुढचा खर्च किती बदलेल हे सांगणारी संख्या) दोन ठिकाणी कड्यावरून पडल्यासारखा खाली येत होता. मार्गदर्शक म्हणाले, आकडेमोडीतला गोंधळ असेल, गुळगुळीत करून घे. मी केला. प्रबंध मंजूरही झाला. ती उडी खरी होती हे फार नंतर कळलं, आणि तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही. मराठीत यावर गप्पा मारायला कुणी भेटत नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. इष्टतम नियंत्रणात दोन गोष्टी असतात: आपल्या हातात काय आहे (नियंत्रण) आणि त्यामुळे काय घडतं (अवस्था). गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक आपल्या पायाखाली असतात; गाडी कुठे आहे आणि किती वेगात आहे ही अवस्था. मॉस्कोच्या स्टेक्लोव्ह संस्थेत पाँट्रियागिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ च्या सुमारास जे महत्तम तत्त्व (सर्वांत स्वस्त मार्गाला पाळाव्याच लागणाऱ्या अटी) मांडलं, त्यात नियंत्रणावरच्या मर्यादा अगदी सहज बसतात. ब्रेक इतकाच दाबता येतो, इंजिन इतकंच ओढतं, अशा मर्यादा. (पाँट्रियागिन चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात आंधळे झाले. त्यांची आई त्यांना गणिताची पुस्तकं वाचून दाखवायची. हे वाचल्यापासून त्यांचं नाव मला नुसतं प्रमेयाचं नाव वाटत नाही.)

मर्यादा अवस्थेवर असली की गोष्ट बदलते. 'गाडी या भिंतीपुढे जाता कामा नये' ही अट भिंतीजवळ पोचल्यावर पाळता येत नाही, त्याची तयारी खूप आधी करावी लागते. भविष्यातली भिंत आत्ताच्या निर्णयात शिरते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ५ नोव्हेंबर २००६ ला ९० अंशांत आणि ३ मार्च २००७ ला १८० अंशांत वळवलं, तेही थ्रस्टरचं इंधन न जाळता. तिथेही मुख्य अडचण हीच होती: स्थानकातल्या मोठ्या जायरोंची (फिरत्या चाकांची) कोनीय संवेग साठवायची क्षमता संपू द्यायची नाही.

आता उदाहरण. १९६३ मध्ये ब्रायसन, डेनहॅम आणि ड्रायफस यांनी अशा निर्बंधांवर लिहिलं. त्यातल्या पहिल्या दोघांच्या नावाने ओळखलं जाणारं हे गणित कागदावर पूर्ण सुटतं.

एक वस्तू सरळ रेषेत चालते. वेळ ० ते १. सुरुवातीला स्थान ०, वेग १. शेवटी स्थान पुन्हा ०, वेग उणे १. त्वरण आपण निवडायचं. खर्च म्हणजे त्वरणाच्या वर्गाच्या निम्म्याचं ० ते १ पर्यंतचं संकलन. अट एकच: स्थान 'छ' या छताच्या वर जाता कामा नये.

छत १/४ किंवा त्याहून उंच असेल तर ते असून नसल्यासारखं. त्वरण सतत उणे २, खर्च २.

छत १/४ आणि १/६ च्या दरम्यान असेल तर वस्तू बरोबर मध्यावर, म्हणजे १/२ या क्षणी, छताला टेकून परत फिरते. खर्च २ + ६(१ − ४छ)².

छत १/६ पेक्षा खाली आलं की वस्तू ३छ या क्षणी छताला लागते, १ − ३छ पर्यंत त्याला चिकटून राहते आणि मग सुटते. खर्च ४/(९छ).

छ = १/९ घेऊ, आकडे सोपे येतात. १/३ ला टेकायचं, २/३ ला सुटायचं, खर्च ४. को-स्टेट दोन आहेत, एक वेगाचा आणि एक स्थानाचा. वेगाचा को-स्टेट म्हणजे त्वरणाची चिन्ह बदललेली प्रत. तो ६ पासून सरळ रेषेत ० वर उतरतो, मधल्या काळात ० राहतो, शेवटी परत ६ वर चढतो. स्थानाचा को-स्टेट म्हणजे या आलेखाचा उतार, चिन्ह बदलून: आधी १८, मग ०, मग उणे १८. छत नसतं तर हा को-स्टेट पूर्ण वेळ एकच स्थिरांक राहिला असता. मी ज्या उड्या पुसून टाकल्या त्या याच जातीच्या होत्या.

पुस्तकं सांगतात की छताचा गुणक, म्हणजे छताच्या अटीला गणितात जोडलेली किंमत, हे एक 'माप' असतं. व्याख्या मला पाठ आहे, पण हे माप डोळ्यांना कसं दिसतं हे मला इथल्या लोकांकडून ऐकायचंय.

अनवट

फार आनंद झाला हा धागा बघून. आधी आवश्यक अटी एका जागी मांडतो, म्हणजे पुढे बोलायला बरं.

अवस्थेवरच्या निर्बंधांचं पहिलं महत्तम तत्त्व गामक्रेलिद्झे यांनी १९६० मध्ये दिलं. ते पाँट्रियागिन यांच्याच चमूतले. त्यांच्या मांडणीत मार्ग नीट तुकड्यांत विभागलेला असावा लागतो: इतका वेळ भिंतीपासून दूर, इतका वेळ भिंतीवर. दुबोवित्स्की आणि मिल्युतिन यांनी १९६५ च्या लेखात हे गृहीतच सोडून दिलं. मार्ग भिंतीला कधी, किती वेळा शिवतो हे काहीही माहीत नसताना काय म्हणता येईल? त्यांचं उत्तर असं, की एक ऋण नसलेलं माप असतं. माप म्हणजे काळाच्या अक्षावर ठेवलेली वजनं. ती रांगोळीसारखी पसरलेली असू शकतात, किंवा एका क्षणावर ठेवलेल्या गोटीसारखी एकवटलेली.

यातून अटी येतात त्या अशा. मार्ग भिंतीला टेकलेला असेल त्याच क्षणांवर वजन असू शकतं, इतरत्र नाही. को-स्टेट नेहमीच्या समीकरणाने चालतो, पण वजन आलं की त्या वजनाइतका सरकतो. गोटी असेल तिथे उडी. प्रत्येक क्षणी नियंत्रण हॅमिल्टोनियनला, म्हणजे त्या क्षणाचा खर्च आणि को-स्टेटने तोललेला अवस्थेतला बदल यांच्या बेरजेला, किमान करतं (रशियन लिहितात तसं चिन्ह घेतलं तर कमाल). टोकांच्या अटी नेहमीच्याच. आणि खर्चाचा गुणक (या अटींत खर्चाला किती वजन ते सांगणारी संख्या), को-स्टेट, माप हे सगळे एकदम शून्य असून चालत नाही. ही शेवटची अट निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात एक फट आहे. तिच्याकडे नंतर येतो.

तुमच्या उदाहरणात प्रत्येकी १८ च्या दोन गोट्या आहेत, १/३ वर आणि २/३ वर. मध्ये काही नाही.

पाटीपेन्सिल

रेघताई, मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. वस्तू १/३ पासून २/३ पर्यंत पूर्ण वेळ छताला चिकटून आहे ना? मग वजन फक्त दोन टोकांना का? मधल्या वेळात छत काहीच करत नाही का? ते नसतं तर वस्तू वर गेली असती असं मला वाटत होतं.

तिरपी रेघ

बाळबोध अजिबात नाही, मी नेमकी इथेच अडकले आहे. गणित करून शून्य येतं हे दिसतं. का येतं ते सांगता येत नाही.

कोयनाकाठ

मी स्थापत्य अभियंता, सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. को-स्टेट हा शब्द आज पहिल्यांदा वाचला. पण तुमचं उदाहरण दोनदा वाचल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण ही तर तुळई आहे!

वेळ विसरा. ० ते १ ही लांबी समजा. स्थान म्हणजे तुळईची उंची. वेग म्हणजे तिचा उतार. त्वरण म्हणजे वक्रता. वक्रतेच्या वर्गाच्या निम्म्याचं संकलन म्हणजे वाकलेल्या तुळईत साठलेली ऊर्जा, ताठपणा १ धरून. दोन्ही टोकं शून्य उंचीवर घट्ट धरली आहेत, डावीकडे उतार अधिक १, उजवीकडे उणे १. मोकळी सोडली तर ती कमान होऊन १/४ उंचीपर्यंत जाते. (इतक्या उताराला तुळईचं साधं समीकरण खरं म्हणजे लागू नाही, पण गणिताचा साचा तोच.) आता वरून एक सपाट फळी खाली आणा.

तुमचा वेगाचा को-स्टेट म्हणजे आमचा बेंडिंग मोमेंट. स्थानाचा को-स्टेट म्हणजे शिअर फोर्स. आणि शिअर फोर्सच्या आकृतीत उडी कधी येते हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल: तिथे एका बिंदूवर भार आहे. ही उडी म्हणजे फळीने तुळईला खाली दाबलेला जोर.

आता पाटीपेन्सिल यांचा प्रश्न. मधल्या भागात तुळई फळीला सपाट लागून आहे. सपाट म्हणजे वक्रता शून्य, म्हणून मोमेंट शून्य, म्हणून शिअर शून्य, म्हणून भारही शून्य. तुळई तिथे फळीला नुसती लागून असते, दाबत नाही. सगळा दाब जिथे ती फळीपासून सुटते त्या दोन जागांवर. स्टीलची पट्टी टेबलाखाली अशी वाकवून धरा, बोटांना समजेल.

तिरपी रेघ

काका, हे वाचून मी खुर्चीतून उठले. 'आकडेमोडीतला गोंधळ' म्हणून मी जे पुसलं ते भिंतीचं ढकलणं होतं. भिंत आहे आणि ती ढकलते आहे याचा त्या आलेखात तेवढाच पुरावा होता.

ज्यांना संगणकावर करून बघायचंय त्यांच्यासाठी एक खूण सांगते, ती मला तेव्हा कुणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. काळाचे बारीक तुकडे करून गणित सोडवलं की छताचा गुणक प्रत्येक तुकड्यावर मिळतो. तो तुकड्याच्या लांबीने भागून आलेख काढला तर १/३ जवळच्या एखाद-दोन बिंदूंवर टोक येतं. जाळी दुप्पट बारीक करा. टोक साधारण दुप्पट उंच झालं आणि त्याखालचं क्षेत्रफळ १८ च्या आसपासच राहिलं, तर ती खरी गोटी आहे. आकडेमोडीचा कचरा असा शिस्तीत वाढत नाही.

घाटमाथा

लोको पायलट होतो, आता निवृत्त. गणित सगळं समजलं असं म्हणणार नाही, पण 'भविष्यातली भिंत आत्ताच्या निर्णयात शिरते' हे वाक्य आमचं आहे. भोर घाटात ३७ ला १ उतार आहे. गाडी उतरवताना वेगाची मर्यादा ही तुमची भिंत. मर्यादेला पोचल्यावर ब्रेक लावतो म्हणणारा घाटात चालत नाही. पाइपमधला दाब बदलून शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक धरायला वेळ लागतो. वेग मर्यादेच्या खाली असतानाच हात हलवावा लागतो आणि मर्यादेला हळूच टेकवून तिथे धरावा लागतो. या 'हळूच टेकवण्या'ला तुमच्याकडे काही नाव आहे का?

अनवट

घाटमाथा साहेब, नाव आहे, आणि तुम्ही विषयाच्या गाभ्यालाच हात घातलात.

निर्बंध घ्यायचा आणि काळानुसार त्याचे डेरिव्हेटिव्ह काढत जायचे. कितव्या डेरिव्हेटिव्हमध्ये नियंत्रण उघड दिसतं, ती निर्बंधाची कोटी. ब्रेक लावताक्षणी पूर्ण जोर मिळतो असं धरलं तर वेगमर्यादा पहिल्या कोटीची, कारण वेग किती झपाट्याने बदलतो हे जोरच ठरवतो. पण तुम्ही सांगता तसा ब्रेकचा दाब सावकाश वाढत असेल तर दाब हीसुद्धा अवस्था झाली, आणि तीच मर्यादा दुसऱ्या कोटीची होते. मग वेग मर्यादेला पोचताना त्याचा बदल शून्य असावा लागतो, म्हणजे स्पर्शरेषेत टेकावं लागतं. तुमचा 'हळूच' तो हा.

रेघताईंचं छतही दुसऱ्या कोटीचं. पहिल्या कोटीत बरेचदा चित्र वेगळं दिसतं. तुळईऐवजी ताणलेली दोरी घ्या, तिला खालून वर लोटणारा एकसारखा भार द्या आणि वर फळी धरा. दोरी फळीला जितक्या लांबीवर लागेल तितक्या सगळ्या लांबीवर एकसारखा दाब येतो. इथे गोट्या नाहीत, सगळी रांगोळी.

तिसऱ्या कोटीत आणखी नवल आहे. स्थानावर छत आहे आणि तुम्ही त्वरण बदलण्याचा वेग, म्हणजे झटका, निवडता आहात असं समजा. १९७१ मध्ये जेकबसन, लेले आणि स्पायर यांनी दाखवलं की एकपेक्षा मोठ्या विषम कोटीत मार्ग सर्वसाधारणपणे भिंतीवर टिकून राहूच शकत नाही, फक्त टेकून जाऊ शकतो. (लेले हे आडनाव त्या लेखावर बघून विद्यार्थिदशेत मला जो उत्साह आला होता तो अजून आठवतो.) त्याच लेखात त्यांनी हेही दाखवलं की भिंतीवर येण्याच्या आणि सुटण्याच्या क्षणांबद्दल तोवरच्या अटी अपुऱ्या होत्या. त्या अटी पाळूनही इष्टतम नसलेला मार्ग निसटू शकत होता.

आणि १९८० मध्ये रॉबिन्स यांनी तिसऱ्या कोटीचं एक उदाहरण दिलं, त्यात मार्ग मर्यादित वेळात भिंतीला अनंत वेळा शिवतो. शिवण्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं. मार्गाचे मोजके तुकडे असतील ही समजूत कुठे तुटते ते इथे दिसतं, आणि दुबोवित्स्की-मिल्युतिन यांनी मापाची भाषा निवडली ती किती बरोबर होती हेही.

पाटीपेन्सिल

अनवट सर, त्या फटीबद्दल सांगणार होतात.

अनवट

हो. समजा मार्गाची सुरुवातच भिंतीवर होते, आणि ती जागा ठरलेली आहे. मग असं करता येतं: खर्चाचा गुणक शून्य घ्या. मापाचं सगळं वजन पहिल्याच क्षणावर ठेवा, एक गोटी. को-स्टेटची सुरुवात त्या गोटीच्या बरोबर उलट किमतीने करा. पहिला क्षण उलटला की दोन्ही एकमेकांना खाऊन शून्य होतात, आणि पुढे सगळं शून्यच. आता अटी तपासा. सगळे एकदम शून्य आहेत का? नाही, गोटी आहे. वजन भिंतीवरच्या क्षणी आहे का? आहे. नियंत्रण हॅमिल्टोनियनला किमान करतं का? हॅमिल्टोनियनच शून्य, म्हणून कुठलंही नियंत्रण करतं.

म्हणजे निर्बंध पाळणारा कुठलाही मार्ग, कितीही महागडा, सगळ्या आवश्यक अटींत बसतो. प्रमेय खरं आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. याला ऱ्हास म्हणतात. फेरेरा आणि विंटर यांनी १९९४ मध्ये, अरुत्युनोव्ह आणि असेयेव्ह यांनी १९९७ मध्ये यावर काम केलं. त्यातला एक उपाय साधारण असा: सुरुवातीच्या क्षणांत इष्टतम नियंत्रणापेक्षा जास्त जोराने भिंतीपासून आत ओढणारं एखादं नियंत्रण उपलब्ध असेल, तर अर्थपूर्ण गुणक मिळण्याची खात्री देता येते.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. संगणक 'अटी पूर्ण झाल्या' म्हणतो तेव्हा खर्चाचा गुणक शून्य तर नाही ना, हे बघायची सवय आपल्या विद्यार्थ्यांना कुणी लावत नाही.

कोयनाकाठ

एक विचारतो. कोयनेचा साठा १०५.२५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर जाता कामा नये, ही दर क्षणाची अट. आणि लवादाच्या निवाड्याप्रमाणे वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला जास्तीत जास्त ६७.५ टीएमसी, ही वर्षअखेरची अट. दोन्ही तुमच्या भाषेत एकच का?

अनवट

वेगळ्या. वळवलेलं पाणी हीच एक अवस्था धरली तर ती फक्त वाढत जाते, म्हणून मर्यादा शेवटच्या क्षणी तपासली की पुरतं. तिचा गुणक एक साधी संख्या, वर्षभर तीच. साठ्याचा गुणक मात्र माप. धरण तुडुंब असेल त्या दिवसांवरच वजन, आणि बाकी वर्षभर शून्य.

कोयनाकाठ

म्हणजे पावसाळ्यात धरण भरलेलं असताना आणखी एका टीएमसीची जागा असती तर काय फायदा झाला असता, ते या वजनात लिहिलेलं असतं?

तिरपी रेघ

हो काका, आणि ते आपल्या तुळईवर तपासता येतं. छत किंचित वर नेलं तर खर्च किती घटतो? छ = १/९ ला खर्चाचं सूत्र ४/(९छ). त्याचा छ नुसार उतार उणे ४/(९छ²), म्हणजे उणे ३६. दोन गोट्यांची बेरीज १८ + १८, तीही ३६. छत ०.०१ ने वर नेलं तर खर्च ४ वरून सुमारे ३.६७ होतो, ३६ × ०.०१ = ०.३६ हा सरळ रेषेचा अंदाज त्याच्या जवळच आहे. फळीचा दाब आणि फळी सरकवण्याची किंमत ही एकच संख्या.

पाटीपेन्सिल, छत १/४ आणि १/६ च्या मध्ये असतानाचं गणित तू करून बघ. तिथे मार्ग एकदाच टेकतो, म्हणजे गोटी एकच असणार. १/६ ला काय होतं ते सांग.

पाटीपेन्सिल

ताई, रात्री बसून केलं. डाव्या अर्ध्यात त्वरण सरळ रेषेत बदलतं, त्याचा उतार २४(१ − ४छ) आला. उजव्या अर्ध्यात तोच, चिन्ह उलट. म्हणून मध्यावरची उडी ४८(१ − ४छ). छ = १/५ ला गोटी ९.६, खर्च २.२४. खर्चाच्या सूत्राचा उतार काढला, तोही उणे ४८(१ − ४छ).

छत खाली आणत १/६ ला आलं की मधली एकटी गोटी १६ ची होते. आणि दुसऱ्या बाजूने, चिकटून राहणाऱ्या मार्गाच्या सूत्राने, प्रत्येक गोटी २/(९छ²) म्हणजे ८. दोन्ही सूत्रांनी खर्च ८/३ च. छत आणखी खाली नेलं की १६ ची गोटी ८ आणि ८ अशी फुटते आणि दोघी एकमेकींपासून लांब सरकत जातात. हॉस्टेलची स्टीलची पट्टी टेबलाखाली वाकवून बघितली. आधी मधोमध एकाच जागी दाब लागतो, अजून दाबलं की मधला भाग सपाट होतो आणि बोटाला दोन जागा लागतात.